क्लच सेट बदलायला सांगितलाय. खरंच गेलाय का, हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी कसं ओळखायचं?

शिकाऊ_सारथी

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, क्लच हायड्रॉलिक. काही आठवड्यांपासून सकाळी गाडी काढताना रिव्हर्स पडत नाही. जोर लावला तर कर्रर्र आवाज येतो. पहिला गिअरही अडून अडून पडतो. पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की मात्र गिअर अलगद पडतो आणि मग दिवसभर फारसा त्रास नाही.

वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "प्लेट संपली, पूर्ण क्लच सेट टाकावा लागेल, गिअरबॉक्स उतरवायचा आहे." पण गाडी चढावर नीट ओढते, पिकअप पूर्वीसारखाच आहे, जळका वास कधी आलेला नाही. प्लेट संपली असती तर हे सगळं बिघडायला नको होतं का? सेट लागणार असेल तर टाकेनच. आधी खात्री करायची आहे. घरच्या घरी काही तपासता येईल का?

पाना_पक्कड

शंका रास्त आहे. क्लचचे मुख्य आजार दोन आणि ते एकमेकांच्या अगदी उलट. एकात क्लच नीट धरत नाही, दुसऱ्यात नीट सोडत नाही. प्लेटचं लायनर, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, संपलं की क्लच धरत नाही: अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी मागेच राहते. तुमचं दुखणं दुसऱ्या जातीचं दिसतं. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, पुरती सुटत नाही, म्हणून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (प्लेटबरोबर फिरणारा दांडा) फिरतच राहतो. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग) नसतो, त्यामुळे कर्रर्र सगळ्यात आधी तिथेच ऐकू येते.

आधी एवढं करा. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर अलगद पडले आणि चालू इंजिनावर अडले, तर क्लच सुटत नाहीये. बंद इंजिनावरही अडले, तर दोष गिअरच्या केबलमध्ये, लिंकेजमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये शोधायचा.

पेडल दोन-तीनदा दाबल्यावर सुधारतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली किंवा सिलिंडरचं रबर सील गळू लागलं की असंच होतं. बॉनेट उघडून टाकीतल्या तेलाची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. मग पेडलच्या मुळाशी, जिथे मास्टर सिलिंडरचा (पेडलने तेलावर दाब देणाऱ्याचा) दांडा आत जातो, तिथे बोट फिरवा. ओल लागते का? स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असेल तर त्याच्या रबरी बुटाची कड अलगद उचलून आत बघा.

घाटवळण

पाना_पक्कड यांच्याशी सहमत. धरत नाहीये का, ते बघायची सोपी चाचणी देतो. मोकळा रस्ता, शक्यतो थोडा चढ. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ५०-६० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेगाचा आणि आरपीएमचा काटा एकत्र, हळूहळू चढला तर क्लच ठणठणीत. आरपीएम एकदम उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. वरच्याच गिअरमध्ये करायची, कारण क्लचवर सगळ्यात जास्त ताण तिथे बराच वेळ राहतो. खालच्या गिअरमध्ये सुरुवातीची घसरण कळतच नाही.

हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही चाचणीही सांगतात. बंद पडलं की पास. पण क्लच घसरत असेल तर त्या काही सेकंदांत उरलेलं लायनरही भाजून निघतं. मी ती टाळायला सांगेन.

शिकाऊ_सारथी

दोघांचेही आभार. सगळं करून पाहिलं.

बंद इंजिनावर पाचही गिअर आणि रिव्हर्स विनातक्रार पडतात. चढावर चौथ्यात पूर्ण रेस दिली, दोन्ही काटे बरोबरीने चढले. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या जवळ आली आहे. आणि स्लेव्ह सिलिंडरचा बूट उचलला तर आत काळपट, बुळबुळीत तेल! बुटाच्या खालच्या घडीत थेंब साठला होता, तोच गिअरबॉक्सच्या कव्हरवर ओघळून धूळ खात बसलाय. वरून नुसतं बघितलं तर साधा मळ वाटतो.

पाना_पक्कड

मग सापडला चोर. स्लेव्ह सिलिंडर बदला, लाइनमधली हवा काढून घ्या. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. मास्टरही त्याच वयाचा आहे, तोही नीट तपासून घ्या, कारण नव्या स्लेव्हमुळे दाब पूर्ववत झाला की जुन्या मास्टरचं सील दम तोडतं असं पुष्कळदा बघितलंय.

तेल टोपणावर लिहिलेलंच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल चुकूनही नको. सील फुगतात आणि टाकी एकच असेल तर ब्रेकही धोक्यात येतात. हे तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकचं बदलतात आणि क्लचच्या लाइनमधलं जुनंच राहतं. तुमचं तेल काळपट आहे त्याचं एक कारण हेही असू शकेल.

आणि पातळी कशाने उतरली हे कळेपर्यंत नुसतं वरून तेल भरत राहू नका. सामाईक टाकीत क्लचची नळी ब्रेकच्या नळीपेक्षा वर असते, म्हणजे गळती झाली तर आधी क्लच जातो आणि ब्रेकचं तेल शिल्लक राहतं. ही सोय आहे, पण तिच्या भरवशावर गाडी चालवायची नसते.

लांबचा_पल्ला

धागा वेळेवर आला. माझं दुखणं मात्र बरोबर उलटं आहे. डिझेल गाडी, सहा गिअर. महामार्गावर पाचव्या-सहाव्यात ओव्हरटेक करायला गेलं की काटा सर्रकन वर जातो आणि गाडी दोन क्षणांनी निघते. चढावर वास येतो. गिअर मात्र उत्तम पडतात. पेडल पूर्वीपेक्षा बरंच जड झालंय. लायनर झिजून पातळ झालं असेल तर पेडल हलकं व्हायला नको का?

यंत्रवेडी

वाटतं तसं, पण होतं उलट. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये बशीच्या आकाराची डायफ्रॅम स्प्रिंग असते. लायनर पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने पुढे सरकते आणि स्प्रिंगच्या बोटांची टोकं मागे, पेडल दाबल्यावर त्यांना रेटणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात. स्प्रिंगचा कोन बदलतो. अशा स्प्रिंगचा जोर सरळ रेषेत कमी होत नाही. झिजेच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो आधी वाढतो आणि शेवटीशेवटी घसरतो. म्हणून जुन्या क्लचचं पेडल जड लागतं. काही गाड्यांत झीज आपोआप भरून काढणारी प्रेशर प्लेट असते, तिथे पेडल शेवटपर्यंत जवळपास सारखं राहतं. त्यामुळे पेडल जड झालं नाही म्हणजे प्लेट शाबूत, असाही अर्थ काढू नका.

केबलच्या क्लचमध्ये एक गोष्ट जास्तीची. बोटं मागे आली की पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. वेळच्या वेळी केबल जुळवली नाही तर खेळ शून्यावर येतो आणि बेअरिंग बोटांना कायम रेटत राहतं. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच. अशी गाडी घसरायला लागते आणि प्लेटच्या माथी खापर फुटतं. केबलवाल्यांनी आधी तो खेळ तपासावा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमची लक्षणं मात्र पूर्ण जुळतात. वरच्या गिअरमध्ये घसरण, वास, जड पेडल. क्लच संपत आलाय.

रोजची_कोंडी

मी कायम जीवघेण्या रहदारीत गाडी चालवतो. मिनिटाला कितीदा क्लच दाबावा लागतो ते मोजायची सोय नाही. म्हणजे माझा क्लच लवकरच जाणार, यावर काही इलाज नाही ना?

यंत्रवेडी

इलाज आहे, आणि याच मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण 'जितक्या वेळा दाबला तितका झिजला' हा समज फार खोलवर रुजलाय.

प्लेट दाबल्याने झिजत नाही, घसरल्याने झिजते. पेडल पूर्ण दाबलेलं असताना प्लेट मोकळी असते. पूर्ण सोडलेलं असताना ती फ्लायव्हीलला घट्ट धरून फिरते. या दोन्ही अवस्थांत लायनरची झीज नगण्य. झीज होते ती मधल्या, हाफ क्लचच्या काळात, जेव्हा फ्लायव्हील एका वेगाने फिरतंय आणि प्लेट दुसऱ्याच. त्या घर्षणाची उष्णता लायनर खाते.

किती उष्णता, त्याचा हिशेब मांडता येतो. इंजिनचा वेग कायम ठेवून उभी गाडी हलवली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. १००० किलोची गाडी, सपाट रस्ता, पहिला गिअर, ताशी १० किलोमीटरला क्लच पूर्ण धरला: साधारण ३.९ किलोज्यूल. आता तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचला. तेवढ्याच आरपीएमला क्लच धरेपर्यंत गाडी १८-२० च्या वेगात गेलेली असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १२ ते १५ किलोज्यूल. एका उचलण्यात तिप्पट-चौपट. कोंडीत गाडी जरा रांगत होती म्हणून दुसऱ्यातच ओढून नेली, ही सवय क्लचला अशी महाग पडते.

पण खरा घात चढावर होतो. तीच १००० किलोची गाडी १० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, ब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर धरून ठेवलीत. गाडी मागे ओढणारं बल जवळपास ९८० न्यूटन. पहिल्या गिअरचं आणि डिफरन्शियलचं मिळून प्रमाण १४ धरलं, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर क्लचवर साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. इंजिन १२०० आरपीएमवर आहे. गाडी जागची हलत नाही, म्हणजे ही सगळी शक्ती क्लचमध्येच जिरते: जवळजवळ अडीच किलोवॅट. घरातल्या गीझरपेक्षा जास्त, आणि तीही एका बंद डब्यात. मिनिटभर असं धरलंत तर १५० किलोज्यूलच्या आसपास. सपाट रस्त्यावर गाडी पहिल्यात ३५-४० वेळा उचलण्याएवढी उष्णता एका मिनिटात, आणि गाडी इंचभरही पुढे गेलेली नाही!

तेव्हा कोंडीत दाबण्याची मोजदाद सोडा. पुढच्या गाडीला थोडं अंतर मिळू द्या, मग पहिल्यात गाडी हलवून क्लच पूर्ण सोडा आणि ती आयडलवर रांगू द्या. बहुतेक गाड्या पहिल्यात अ‍ॅक्सिलरेटरशिवाय सपाटीवर आरामात चालतात. दर दोन फुटांना हाफ क्लचवर सरकण्यापेक्षा हे किती तरी बरं.

शंकेखोर

गणित पटलं. पण चढावर मागची गाडी अगदी चिकटून उभी असते. हँडब्रेक सोडताना गाडी मागे गेली तर? क्लचवर धरून ठेवायला तर शिकवतातच.

घाटवळण

क्लचवर निघायला शिकवतात, उभं राहायला नाही. थांबलात की हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला, दोन्ही पाय मोकळे. निघताना पहिला गिअर टाकून किंचित रेस द्या आणि क्लच हळू वर आणा. बॉनेट जरा उचललं जाईल, मागचा भाग किंचित बसेल आणि इंजिनाचा आवाज खाली येईल. तो क्षण कळला की हँडब्रेक सोडा. त्या वेळी गाडी मागे जायचं कारणच उरत नाही. घसरण होते ती दोन-तीन सेकंदांची, मिनिटाची नव्हे. एखाद्या मोकळ्या चढावर पाठीमागे कोणी नसताना सराव करा. हात बसतो.

सिग्नलला गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून थांबणाऱ्यांसाठी: त्याने प्लेट झिजत नाही, पण रिलीज बेअरिंग सतत भाराखाली फिरत राहतं आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही तो रेटा जातो. थांबा लांबणार असेल तर न्यूट्रल करा. आणि चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय सोडा. पायाचं वजनसुद्धा बेअरिंगला फिरवत ठेवायला पुरतं.

डावा_पाय_मोकळा

माझ्या गाडीत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आहे, क्लचचं पेडलच नाही. मला यातलं काही लागू नाही ना?

यंत्रवेडी

सगळं लागू आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि कोरडी क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच असते. पाय तुमचा नसतो, अ‍ॅक्चुएटरचा असतो, इतकंच. चढावर ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर वरचा अडीच किलोवॅटचा हिशेब जसाच्या तसा. ब्रेक लावून थांबा.

लांबचा_पल्ला

दाखवून आलो. क्लच सेटच टाकायचा ठरलंय. गिअरबॉक्स उतरणारच आहे तर सोबत आणखी काय काय बघून घ्यावं? आणि डिझेल असल्याने ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) आहे, तेही बदलायला लागेल म्हणतात.

पाना_पक्कड

या कामात सुट्या भागांपेक्षा मेहनत मोठी असते. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्हशाफ्ट, कधी सबफ्रेमही सोडवावी लागते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्रच बदलायची. नुसती प्लेट टाकून जुनी प्रेशर प्लेट ठेवायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसणारा असेल तर तोही नवा टाका. तो पुढे गळला तर हाच सगळा खटाटोप पुन्हा.

जुनी प्लेट मागून घ्या आणि हातात घेऊन नीट बघा, ती खूप काही सांगते. लायनरच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे? पुष्कळ मॅन्युअलमध्ये ०.३ मिलिमीटर ही मर्यादा दिलेली असते. डोकी वर येऊन चकाकत असतील तर ती फ्लायव्हीलला घासून चर पाडत होती. लायनर जाड आहे पण काचेसारखं गुळगुळीत, काळं झालंय, तर ते भाजलंय. ओलसर, तेलकट असेल तर तिथेच काम थांबवायला सांगा. तेल आलं कुठून हे शोधल्याशिवाय नवी प्लेट बसवण्यात अर्थ नाही. इंजिनकडून आलं असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सकडून आलं असेल तर इनपुट शाफ्टचं. मधल्या भागातल्या स्प्रिंग हाताने हलवा, सैल किंवा तुटलेल्या असतील तर खडखड तिथलीच होती.

फ्लायव्हीलवर निळसर डाग म्हणजे उष्णतेच्या खुणा. एका तुकड्याचं साधं फ्लायव्हील मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर लेथवर घासून सपाट करून घेता येतं. तुमचं ड्युअल मास आहे, ते सहसा घासत नाहीत. पण नवीन सेट म्हणजे नवीन ड्युअल मास, असा सरसकट नियमही नाही. त्याचे दोन भाग एकमेकांवर किती फिरतात आणि किती डगमगतात हे मोजायचं, आणि त्या गाडीसाठी दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचं. आयडलला खडखड होत होती का, इंजिन बंद करताना गदका बसून आवाज यायचा का, ग्रीस बाहेर आलंय का? यातलं काही असेल तर बदला. आकडे विचारा. नुसतं "खराब झालंय" ऐकून पुढे जाऊ नका.

बसवताना: प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मध्यभागी धरायला अलाइनमेंटचा दांडा वापरायचा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, शेवटी टॉर्क रेंचने आवळायचे. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) ग्रीसचा पातळ हात आणि वरचं सगळं पुसून काढायचं, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून लायनरवर बसतं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळायला तेलाचा थर असतो, तो क्लीनरने काढायचा. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून सुटत नाही.

एक मनापासून सांगणं. आत साठलेली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसायची. काम करणाऱ्या पोरांना मास्क द्यायला सांगा.

शिकाऊ_सारथी

स्लेव्ह सिलिंडर बदलला, सगळं तेल नवं भरलं. रिव्हर्स आता सकाळी पहिल्या झटक्यात पडतो. पण न्यूट्रलला उभी असताना एक बारीक घरघर ऐकू येते, आधीपासूनच होती बहुतेक. पेडल दाबलं की थांबते. रिलीज बेअरिंग का?

पाना_पक्कड

नाही. रिलीज बेअरिंगचा आवाज पेडल दाबल्यावर येतो किंवा वाढतो. पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबणारी घरघर सहसा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची, कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट थांबतो. गिअर ऑइलची पातळी बघून घ्या. आवाज वाढत नसेल तर घाई नाही.

लांबचा_पल्ला

काम झालं. प्लेट रिव्हेटपर्यंत आली होती, ड्युअल मास मोजल्यावर मर्यादेत निघालं म्हणून तेच ठेवलं. पेडल इतकं हलकं झालंय की डावा पाय अजून चुकतोय. निघताना पहिल्यात किंचित थरथर जाणवते. बसवण्यात काही चुकलंय का?

यंत्रवेडी

लगेच तसं धरू नका. नवं लायनर आणि फ्लायव्हील यांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला थोडं अंतर जावं लागतं. पहिले ५०० किलोमीटर भरधाव उचलणं, ओढकाम आणि खच्चून भरलेली गाडी चढावर नेणं टाळा. नेहमीच्या रस्त्यांवर, जिथे क्लच वारंवार पण हलका वापरला जातो, तिथे चालवा. नुसत्या महामार्गावर ५०० किलोमीटर केलेत तर क्लच बसणारच नाही, कारण तिथे तो घसरतच नाही. तेवढ्यानंतरही थरथर राहिली तर आधी इंजिन माउंट बघायला सांगा. ती सैल असली की क्लच धरताना अख्खं इंजिन हलतं. माउंट ठीक निघाली, तर ग्रीस किंवा तेल लायनरवर गेलंय का हा पुढचा प्रश्न, आणि तो काम केलेल्या वर्कशॉपने वॉरंटीत सोडवायचा.